बिनपिसांचे दोन बाण

आळे,
८ डिसेंबर २०२४

चि. आरतीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं आणि मी उत्तर लिहितेय चंपाषष्ठी उलटल्यावर. क्षमा कर. परवा एक पत्र लिहिलं होतं, त्यात कॉलेजच्या परीक्षेचं कारण दिलं होतं. ते फाडलं, कारण ते खरं नव्हतं. खरं असं, की तुझं पत्र वाचून मी माळ्यावरचं माझं धनुष्य खाली काढलं. बावीस वर्षांनी. लग्न होऊन आळ्याला आले तेव्हा ते वर गेलं, ते गेलंच. मी विद्यापीठाच्या संघापुढे गेले नाही आणि तू राज्याच्या निवड चाचणीला उभी राहणार, हे वाचून मला तुझा हेवा वाटला. सहा वर्षांची असताना माझ्या ओट्यावर अक्षरं गिरवणाऱ्या मुलीचा हेवा! तो ओसरेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काल ओसरला. म्हणजे बराचसा.

आता कामाचं. तू लिहितेस, हात स्थिर, श्वास स्थिर, तरी सत्तर मीटरवर बाण फाकतात, आणि वारा आला की पुसूच नका. तुला शिकवणाऱ्या सरांची बदली झाली, विचारायला कोणी नाही. आठ फेब्रुवारीला पुण्यात चाचणी, पहिल्या आठ जणी संघात, आणि गेल्या वर्षी तू दोन गुणांनी नववी. आरती, मला वाटतं दोष तुझ्यात नाहीच, बाणांच्या दांड्यांत आहे! हे लिहिताना माझं अक्षर वाकडं येतंय इतकी मला घाई झाली आहे.

बाण सुटतो तेव्हा सरळ निघत नाही. मागून दोरीचा धक्का बसला की दांडा वाकतो आणि पाण्यातल्या माशासारखा वळवळत जातो. त्या धनुष्याला हवा तेवढाच तो लवचीक असेल तर वळवळ लवकर मिटते. जास्त ताठ किंवा जास्त मऊ असेल तर एका बाजूला पळतो. पिसं हा दोष झाकून घेतात, पण पूर्ण नाही. म्हणून दोन बाणांची पिसं खरवडून काढ. तीस मीटरवरून आधी पिसांचे सहा मार, मग तोच नेम धरून बिनपिसांचे दोन. कागद मला पाठव. तू स्वतःच पोस्टात आहेस, तेव्हा पाकीट हरवायची भीती नाही.

बाराही बाणांवर नंबर घाल आणि वजन कर. घरच्या काट्यावर नको, सराफाच्या काट्यावर.

मी डायरीत रोज उद्याचं एकच काम लिहिते, हे तुला आठवत असेल. उद्या: माझी धनुर्विद्येची जुनी वही शोधणे.

तुझी,
प्राचीबाई


वाडी, शिनोली,
२० डिसेंबर २०२४

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

हेव्याचं वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बाई लई खऱ्या. दुसरी असती तर म्हणाली असती, ताप आला व्हता."

घोडेगावला भरतशेठ सराफांकडे गेले. बाराही बाण जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. शेठनी लुगडं उलगडलं, चष्मा वर केला. "काय गं, मोडीत घालायला आणलंस?"

म्हटलं, "वजन करायचंय."

"पोस्टाचा काटा मोडला का?"

"त्याला अर्धा ग्रॅम कळत नाही, शेठ."

दुकानात एक पाहुणे मंगळसूत्र बघायला बसले होते. ते म्हणाले, "आधी पोरीचं करा राव, आमचं लगीन वैशाखात हाय." मग शेठनी काचेची पेटी उघडून एकेक बाण आडवा ठेवला आणि स्वतःच्या हाताने कागदावर आकडे लिहिले. दहा बाण एकोणीस ग्रॅम आणि वर तीन दशांश. एक थोडा हलका. सात नंबर थोडा जड. शेठ म्हणाले, "सातव्यावर नजर ठेव. त्याच्यात कायतरी हाय."

घरी आल्यावर जानकूआजोबांनी बाण मागून घेतले. त्यांनी आयुष्यभर कळकाच्या काठ्या निवडल्यात, कणग्यांना आणि इरल्यांना. बाणाचं एक टोक पायाच्या अंगठ्याजवळ टेकवायचं आणि मधे बोटाने दाबायचं. मी ओरडले, "आजोबा, मोडेल!" म्हणाले, "तुझ्या आज्जीला विचार, माझ्या हातनं काय मोडलंय." आज्जी जाऊन नऊ वर्षं झाली.

आता निकाल! आमच्या खाचरात भात झोडून झालाय. पेंढ्याच्या गुंड्या दोरीने आवळून त्यावर कागद लावला. पिसांचे सहा बाण ताटलीएवढ्या जागेत बसले. मग बिनपिसांचे दोन. बाई, दोन्ही उजवीकडे गेले, बरोबर वीतभर, आणि एकमेकांना चिकटून! मी तसेच चार वेळा मारले. चारही वेळा तेच. नेम चुकला असता तर ते इकडे तिकडे गेले असते ना? म्हणजे मी नाही चुकत. मी खाचराच्या बांधावर एकटीच उड्या मारल्या.

कागद सोबत आहे. उजव्या बाजूला 'उजवी' लिहिलंय, घडी उलटी पडली तरी कळावं म्हणून. बाण क्लिकरच्या, म्हणजे पूर्ण ओढला की टिक् वाजणाऱ्या पट्टीच्या, पुढे एक इंच लांब आहेत. लवकर लिहा.

आपली,
आरती


आळे,
२५ डिसेंबर २०२४

चि. आरतीस,

अनेक आशीर्वाद. तुझा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आहे आणि घरचे सगळे बाजूला ताटं घेऊन बसले आहेत. किती सुंदर कागद! दोन भोकं, वीतभर उजवीकडे, एकमेकांना लागून. माझ्या हातून असे दोन बाण कधी गेले नाहीत. (हेवा अजून थोडा आहे, हे नोंदवते.)

माझ्या वहीत स्पष्ट आहे: बिनपिसांचा बाण उजवीकडे गेला तर दांडा मऊ, डावीकडे गेला तर ताठ. तुझे मऊ आहेत. दांडा आखूड केला की ताठ होतो. तू लिहितेस तशी इंचभर जागा आहे. पाव इंच काप, पण आधी फक्त ते दोन बिनपिसांचे. ते कागदावर आत सरकले तर मग बाकीचे. कापलेलं पुन्हा जोडता येत नाही, म्हणून मी हे दोनदा लिहिते: आधी फक्त दोन. नवीन बाण मागवले तर यायला दोन महिने लागतात.

लिहिता लिहिता ओट्यावरचे दिवस आठवले. तुझे आईवडील, सोनीबाई आणि रामनाथ, कांदा काढायला आमच्या मळ्यात यायचे आणि तू माझ्यापाशी. पेन्सिल सारखी डाव्या हातात जायची. मी त्या मुठीत भुईमुगाची शेंग द्यायचे, "ही सांभाळ, पान भरलं की खायची." डावा हात शेंगेत गुंतला की उजवा आपोआप लिहायचा. एका हंगामात तुझं अक्षर किती वळणदार झालं! आता कांदेलागणीला आलेल्या कुटुंबातली समृद्धी म्हणून एक मुलगी येऊन बसते. तिचंही तुझ्यासारखंच आहे. शेंगांचा डबा पुन्हा ओट्यावर आला आहे. तिला मी सांगते, माझी एक विद्यार्थिनी याच शेंगांवर शिकली आणि आज धनुष्य चालवते.

उद्या: बारावीच्या प्रयोगवह्या तपासणे.

तुझी,
प्राचीबाई


वाडी, शिनोली,
३ जानेवारी २०२५

ती. बाईंना सा. न.

आधी कबूल करते. मी बाराही कापले. आणि पाव नाही, अर्धा इंच.

शिनोलीत अमृतभाऊंचं खिडक्या-ग्रिलचं वर्कशॉप आहे. त्यांच्याकडे बारीक पात्याचं मशीन आहे, पण ते दुसऱ्या दिवशी कामावर मंचरला जाणार होतं, पंधरा-वीस दिवस. अमृतभाऊ म्हणाले, "आत्ता काप न्हाईतर संक्रांत झाल्यावर ये. आन पाव इंच काय कापायचं? पाव इंच तर माझं पातं खातंय." मी विचार केला, बाईंनी वहीत बघून सांगितलंय म्हणजे चूक असणार नाही, मग दोन काय आणि बारा काय. तुम्ही दोनदा लिहिलं होतं. मी दोनदा वाचलंही होतं.

टोकं परत बसवली, क्लिकर आत घेतला. दुसऱ्या दिवशी उजाडताच खाचरात. बिनपिसांचे दोन्ही बाण आत यायच्या ऐवजी आणखी उजवीकडे गेले. दीड वीत. एक तर पेंढा सोडून बांधात घुसला. पिसांचेसुद्धा आता ताटलीत मावत नाहीत, परातीत मावतात.

मग वाटलं, मीच काहीतरी वेगळं करत असेन. तीन दिवस रोज दीडशे बाण मारले. डाव्या हाताच्या तिन्ही बोटांना दोरीने फोड आले, बोटांवर चामड्याची पट्टी असूनही. आई तूप लावते आणि बोलते. आजोबा कापलेले दांडे पुन्हा पुन्हा दाबून बघतात.

अजून पाव इंच कापू का? अमृतभाऊंचं मशीन मंचरला आहे, मी बसने जाऊन येईन. पाच आठवडे राहिलेत. रागावू नका.

आपली,
आरती


आळे,
६ जानेवारी २०२५

आरती,

कापू नकोस. एक केससुद्धा कापू नकोस. तारही केली असती, पण तारा बंद झाल्या. तुझ्या पोस्टात फोन लावला तर तू टपाल घेऊन वस्तीवर गेलेली. म्हणून हे स्पीड पोस्टाने.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी वाचून पुढे गेले होते. कांद्याला पाणी सोडायला मळ्यात गेले आणि पाटावर उभी असताना ती ओळ परत आली. "डाव्या हाताच्या तिन्ही बोटांना दोरीने फोड." दोरीने! आरती, तू दोरी डाव्या हाताने ओढतेस. तू डावखुरी धनुर्धर आहेस. आणि माझ्या वहीतलं सगळं उजव्या हाताच्या माणसांसाठी आहे. डाव्या हाताने ओढणाऱ्यासाठी ते नेमकं उलटं. तुझे बाण मऊ नव्हते, ताठ होते. मी ते आणखी ताठ करायला सांगितलं.

बाराही कापलेस ही तुझी चूक आहे, ती तुझ्याकडे ठेव. पण ती लहान आहे. माझी अशी, की मी मुलांना रोज सांगते, गणित करण्याआधी काय गृहीत धरलंय ते लिहा. आणि मी कोणत्या हाताचं धनुष्य, एवढं विचारलं नाही. का विचारलं नाही, याचाही मी कालपासून विचार करतेय. मला खात्री होती. तुझा उजवा हात मीच घडवला, अशी माझी समजूत होती, आणि मला तिचा अभिमान होता. गेल्या पत्रात शेंगांची गोष्ट किती कौतुकाने लिहिली! तुझा तो हात मी एकदा बंद केला म्हणजे तो कायमचा गेला, असं मी धरून चालले.

आता रडायचं नाही, दोघींनीही. मला खरं तर अंगात वारं भरल्यासारखं झालंय, कारण यातून वाट आहे! दांडा लांब करता येत नाही. जड टोकं लावली तर तो मऊ वागेल, पण ती येईपर्यंत चाचणी होऊन जाईल. तिसरा मार्ग: बाण बदलायचा नाही, धनुष्य बदलायचं. धनुष्य जास्त जोराचं केलं की तोच ताठ दांडा जास्त वाकतो. तुझ्या धनुष्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांच्या मुळाशी मोठे स्क्रू आहेत. ते आत घेतले की जोर वाढतो. दोन्ही अगदी सारखे, एका वेळी पाव फेरा. दर वेळी आठ बाण मार, कागद ठेव. बिनपिसांचे डावीकडे सरकायला लागले की समज, रस्ता बरोबर आहे.

एकच प्रश्न उरतो आणि तो माझ्या वहीत नाही. तेवढं जड धनुष्य तुला चाचणीच्या बहात्तर बाणांना, हात न थरथरता, ओढता येईल का? ते तूच सांगायचंस. बोटं बरी होईपर्यंत दोन दिवस दोरीला हात लावू नकोस.

तू मला आधीच का सांगितलं नाहीस?

प्राचीबाई


वाडी, शिनोली,
१७ जानेवारी २०२५

ती. बाईंना सा. न. आणि तिळगूळ.

का सांगितलं नाही ते आधी लिहिते. तुमच्या घरी मी कायम उजव्या हाताने जेवले, उजव्या हाताने सही केली, पेपरातल्या फोटोत बक्षीसही उजव्या हातात धरलं. कॉलेजात सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, कोणत्या डोळ्याने नेम धरतेस, आणि दोरी डाव्या हातात दिली. मला इतकं बरं वाटलं की मी हसायलाच लागले. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे तुमची शेंग वाया गेली असं सांगायचं. ते मला जमेना. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "येडे, भाकरी तर तू अजून डाव्याच हातानं थापतीस. बाईंनी कवा चुलीपाशी बघितलं न्हाई म्हणून."

आता ऐका! हिरडा जोखायचा आकड्याचा काटा आहे आमच्याकडे. तो वाशाला टांगला आणि त्याला दोरी अडकवून धनुष्य खाली ओढलं. आधी सोळा किलो आणि थोडं. पाव-पाव फेरा करत संक्रांतीपर्यंत साडेसतरा. पहिल्या पाव फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला बिनपिसांचे दोन बोटं आत आले. तिसऱ्याला एक वीत उरली. आणि परवा, साडेसतराला, बाई, दोन्ही पिसांच्या बाणांना खेटून बसले! एकाने तर दुसऱ्याची मागची प्लास्टिकची खाच फोडली. एवढा आनंद नुकसानीचा मला कधी झाला नव्हता.

आणि सात नंबर! सगळे आत आले तरी तो एकटा बाहेर. आजोबांनी तो घेतला, दाबला, थोडा फिरवून दाबला, असं चार बाजूंनी. म्हणाले, "ह्याची एक बाजू आडमुठी हाय. कळकाच्या काठीला असती तशी. ती बाजू तू भलतीकडं धरतीस." बाकीच्यांची ताठ बाजू कुठे येते तेही त्यांनी बोटाने शोधलं आणि खुणा केल्या. मी सातव्याची मागची खाच पाव फेरा फिरवून तशीच लावली. पहिलाच बाण मधे! आजोबा म्हणाले, "सराफाला सांग, चोर न्हाई, रुसला व्हता."

हाताचं खरं लिहू? पन्नास बाणांपर्यंत काही वाटत नाही. साठनंतर पाठ जळते. बहात्तर अजून एकदाच झाले, शेवटचे सहा वाईट गेले. पण मी टपालाची पिशवी आता डाव्या खांद्यावर घेते, आणि आई दळणाचं पोतं मलाच उचलायला लावते, "पुण्याला जायचंय न्हवं?" म्हणून. तीन आठवडे आहेत. होईल.

आपली,
आरती


वाडी, शिनोली,
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाईंना सा. न.

काल मैदानावरून फोनवर फक्त "झालं बाई" एवढंच म्हणाले आणि तुम्ही प्रात्यक्षिक परीक्षेत होतात म्हणून ठेवून दिला. आता सगळं सांगते.

सकाळी तपासणीला पंचांनी माझे बाण मोजले, एकाने विचारलं, "एवढे आखूड का कापलेत?" मी म्हटलं, "बाईंनी आणि मी मिळून." ते पुढे गेले.

पहिले छत्तीस बाण झाले तेव्हा मी अकरावी. बाण चांगले जात होते, मीच घाबरत होते. क्लिकर वाजला तरी बोटं सुटत नव्हती. दोन फेऱ्यांच्या मधे सगळ्या मुली कानात गाणी घालून बसल्या. मी आईने बांधून दिलेल्या शेंगा काढल्या. एक उजव्या मुठीत धरली आणि मनात म्हटलं, "ही सांभाळ, आता तू गप्प बस, डाव्याला काम करू दे." मला इतकं हसू आलं की भीती गेली.

दुसऱ्या सत्रात वारा सुटला. डावीकडून, झोताने. बाकीच्यांचे बाण फाकायला लागले. माझे, बाई, एका ठिकाणी! सरकले तरी सगळे मिळून सरकले, मग मी नेम थोडा वाऱ्याकडे घेतला आणि सगळे मिळून मधे आले. गेल्या वर्षी असाच वारा होता. साठनंतर पाठ जळायला लागली. शेवटच्या सहाला हात थरथरत होता, मी एकदा ओढलेली दोरी परत आणली, परत ओढली. शेवटचा बाण हाताला लागला तो सात नंबर. एक क्षण वाटलं बदलावा. मग आजोबांचा अंगठा आठवला.

नऊ गुण.

आठवी, बाई! नववीपेक्षा एका गुणाने वर. संघात आहे! फलकावर नाव लिहिताना त्यांनी शिनोलीचं स्पेलिंग चुकवलं, मी स्वतः जाऊन दुरुस्त करून आले. डाव्या हाताने.

आपली,
आरती


आळे,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. आरतीस,

अनेक, अनेक आशीर्वाद. तुझा "झालं बाई" आला तेव्हा मी परगावच्या कॉलेजात परीक्षक होते, समोर एक मुलगा लंबकाची आंदोलनं मोजत होता. मी फोन ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "झालं!" तो घाबरून म्हणाला, "मॅडम, अजून वीस नाही झाली." त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं आणि वेळ वाढवून दिली. तो नियम मी मोडला की नाही, हे नीट बघून डायरीत लिहिणार आहे.

तुझं पत्र आल्यावर घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. मग मी धनुष्य घेऊन मळ्याच्या कडेला गेले. ते आता मला पूर्ण ओढवत नाही. अर्ध्यापर्यंत ओढलं आणि हळूच परत आणलं. हेवा कुठे आहे म्हणून शोधला. सापडला नाही. हे मी खरं लिहितेय, तुला बरं वाटावं म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. सहा जानेवारीला मी तुला ते पत्र लिहिलं, बंद केलेल्या हाताबद्दल. ते टपालात टाकून आले, आणि त्याच संध्याकाळी समृद्धी ओट्यावर आली तेव्हा मी सवयीने तिच्या डाव्या मुठीत शेंग दिली. दुसऱ्या दिवशीही. महिनाभर. तुला चूक कळवून मी मोकळी झाले, आणि चूक चालूच ठेवली. आज तुझं मैदानावरचं वाचत होते, "डाव्याला काम करू दे", तेव्हा ती समोर बसली होती. शेंग घट्ट धरलेली, जीभ बाहेर काढून उजव्या हाताने 'क' गिरवत होती. तो 'क' थरथरत होता. तुझ्या साठनंतरच्या बाणांसारखा.

मी तिला म्हटलं, "खा आता ती."

ती म्हणाली, "अजून पान न्हाई भरलं."

"असू दे. खा."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, खाल्ली, आणि टरफल मला दिलं. मग पेन्सिल उचलायला हात पुढे केला, आणि कोणता पुढे करावा म्हणून थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात तिच्या आईने हाक मारली आणि ती पळाली.

राष्ट्रीय स्पर्धेला मी रजा काढून येणार आहे. जानकूआजोबांना घेऊन ये.

उद्या: शेंगांचा डबा ओट्यावरून आत नेणे.

तुझी,
प्राचीबाई